एका नोंदीतले दोन रुडॉल्फ

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी पावणेसातला रुडॉल्फ परेरा आपल्या बसमध्ये चढला, मोबाइल स्टिअरिंगच्या बाजूच्या स्टँडमध्ये अडकवला आणि ड्युटी सुरू करण्यासाठी चाकपासचं ॲप उघडलं. रोज तिथे हिरवी पट्टी यायची आणि मगच गाडी चालू व्हायची. आज पट्टी लाल होती. खाली लिहिलं होतं, 'वाहन चालवण्यास वैद्यकीयदृष्ट्या अपात्र.'

त्याला वाटलं नेटवर्कचा घोळ असेल. फोन बंद करून पुन्हा चालू केला. पट्टी लालच. चावी फिरवून बघितली, तर नुसता टक् असा आवाज आला.

तो उतरून डेपोच्या केबिनमध्ये गेला. तिथे श्यामकांत बसायचा, सगळ्या गाड्यांची पाळी लावणारा माणूस. त्याच्या स्क्रीनवर ते आधीच आलं होतं.

"तुला फिट येतात?" श्यामकांतने विचारलं.

"कुणी सांगितलं?"

"इथे आलंय. आकडीचा आजार. औषध चालू आहे."

"मला आयुष्यात कधी फिट आली नाही."

"असेल रे. पण चाकपासला लाल आलं की माझ्या हातात काही राहत नाही. गाडीच चालू होत नाही, तू बघितलंस ना." आणि त्याने त्या दिवसाची पाळी दुसऱ्याला दिली.

रुडॉल्फ त्रेचाळीस वर्षांचा होता. मरोळ गावठाणातला. एकोणीस वर्षं गाडी चालवत होता आणि गेली सहा वर्षं हीच बस : मरोळ नाका मेट्रो स्टेशनवरून ऑफिसची माणसं घ्यायची आणि सीप्झ औद्योगिक वसाहतीमागच्या काचेच्या इमारतींपाशी सोडायची. दिवसाला बारा फेऱ्या. चाकपास ही दोन वर्षांपूर्वी आलेली भानगड होती. बसवाले, शाळांच्या गाड्यावाले, टँकरवाले, सगळ्यांनी ती घेतली होती. ड्रायव्हरचं लायसन, डोळे, बीपी, आजार, सगळं एका कार्डावर. त्या वेळी फोनवर चार पानं इंग्रजी आलं होतं आणि खाली 'संमती आहे' असं बटण होतं. डेपोतल्या सगळ्यांनी रांगेत उभं राहून ते दाबलं, त्यानेही दाबलं.

त्याच आठवड्यात त्याने मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. डोक्याला तारा लावून आलेख काढला, रक्त दिलं. डॉक्टरांनी लिहून दिलं की या माणसाला असा कुठलाही आजार नाही, गाडी चालवायला हरकत नाही. सहीशिक्क्याचा तो कागद त्याने ॲपवर चढवला. पुढच्या शुक्रवारी सकाळी अकराला पट्टी हिरवी झाली. श्यामकांतने हसून चावी दिली.

दुपारच्या तीन फेऱ्या नीट झाल्या. चारच्या सुमाराला तो इमारतींपाशी माणसं भरत होता. इंजिन बंद करून ठेवलं होतं. बावीस जण बसल्यावर त्याने चावी फिरवली आणि टक् असा आवाज आला. स्टँडमधल्या फोनवर लाल पट्टी होती, आणि पुढच्या दोन-तीन सीटवरच्या लोकांनी ती वाचली.

एक बाई आपली पर्स उचलून उतरली, मग दुसरे उतरले. ते उतरत होते तोवर रुडॉल्फ समोर काचेकडे बघत बसला. एकोणीस वर्षांत त्याची गाडी रस्त्यात बंद पडली होती, पंक्चर झाली होती, पण माणसं त्याला घाबरून उतरली असं कधी झालं नव्हतं.

एक मुलगी मात्र उतरली नव्हती. रोज सव्वानऊला चढणारी, केस आखूड कापलेली, खांद्याला लॅपटॉपची बॅग. ती पुढे आली आणि फोनकडे वाकून बघू लागली.

"अंकल, हे कधीपासून होतंय?"

"दहा दिवस. आज सकाळी बरं झालं होतं. आता परत."

"मी श्रुतिका. चाकपासमध्येच काम करते मी." ती बॅग सावरत म्हणाली, "हा भाग माझ्याच टीमकडे आहे. उद्या शनिवार, पण मी येणार आहे. तुम्ही याल? आत नाही नेता येणार तुम्हाला, पण बाहेर बसून बोलू."

दुसऱ्या दिवशी इमारतीच्या मागे, चहाच्या गाडीजवळच्या सिमेंटच्या बाकावर दोघं बसली. श्रुतिका गावची सावंतवाडीकडची, राहायची कांदिवलीला. तिचे आजोबा गिरणीत होते, हे तिने आपणहून सांगितलं, बहुधा त्याला जरा मोकळं वाटावं म्हणून. मग तिने कागदावर दोन चौकोन काढले.

"हे आम्ही, चाकपास. आणि हे आरोग्यवही. दवाखान्यांतल्या नोंदी ठेवणारी दुसरी कंपनी. आमचा डेटा एका क्लाउडवर आहे, त्यांचा दुसऱ्या. क्लाउड म्हणजे तरी काय, दुसऱ्याचे कम्प्युटर भाड्याने घेतलेत. याच महिन्यात दोन्हींच्या मध्ये आम्ही एक वाट केलीय. दर सहा तासांनी त्यांच्याकडे काय नवं आहे ते आमच्याकडे येतं, आमच्याकडचं त्यांच्याकडे जातं."

"मग माझा कागद गेला ना त्यांच्याकडे?"

"गेला. पण त्यांच्याकडे तुमच्या नावावर आकडीची एक नोंद आहे. एका ठिकाणी आजार आहे, दुसऱ्या ठिकाणी नाही, असं झालं की काय करायचं, त्याचा एक नियम आहे. जास्त धोक्याचं असेल ते ठेवायचं." तिने चौकोनांवर पेन फिरवलं. "तो नियम मी लिहिलाय. एका टँकरच्या ड्रायव्हरला चालत्या गाडीत फिट आली होती. त्याने एका ठिकाणी आजार सांगितला होता, दुसऱ्या ठिकाणी लपवला होता. त्यानंतर लिहिला."

रुडॉल्फला तो नियम चुकीचा वाटला नाही. तेच तर वाईट होतं.

"तुम्ही तुमच्याकडचं पुसून टाका," तो म्हणाला.

"पुसलं. काल संध्याकाळीच. सहा तासांत त्यांच्याकडून परत आलं. आणि त्यांनी पुसलं तर आमच्याकडची जुनी प्रत त्यांच्याकडे जाते. दोघांनाही वाटतं समोरच्याला जास्त माहीत आहे. तुमची आरोग्यवही तुम्ही स्वतः उघडू शकता, ओटीपी येतो. मला परवानगी नाही बघायची. तुम्ही उघडा आणि काय लिहिलंय ते मला सांगा."

त्याने फोन उघडला. नोंद एकच होती. त्याने हळूहळू वाचली. अकरा मार्च. डॉक्टर नाझरेथ यांचा दवाखाना, मरोळ. रुडॉल्फ परेरा, वय त्रेचाळीस. महिन्याभरात दोनदा आकडी. सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी. शेवटी एक ओळ होती : रुग्ण वाहनचालक आहे, गाडी चालवू नये असे सांगितले.

"गेला होतात तुम्ही?"

"नाही."

"मग याच नावाचा, याच वयाचा, याच पिनकोडमधला दुसरा कुणीतरी आहे. दवाखान्यात जन्मतारीख कुणी लिहीत नाही, वय लिहितात. वडिलांचं नाव लिहीत नाहीत. आरोग्यवही तेवढ्यावरच जुळवते. तुमच्या ओळखीत आहे का कुणी?"

परेरांच्या घरात थोरल्या मुलाला आजोबांचं नाव द्यायची रीत होती. आजोबा रुडॉल्फ. त्यांना दोन मुलगे. दोघांनी आपापल्या पहिल्या मुलाला तेच नाव ठेवलं, चार महिन्यांच्या अंतराने, आणि दोघांपैकी कुणी मागे हटलं नाही. गावठाणात एकाला थोरला रुडी म्हणत, दुसऱ्याला धाकटा रुडी. धाकटा मागच्याच गल्लीत बायको नादियाबरोबर राहायचा आणि एका शाळेची बस चालवायचा. त्याच्या घरी कुणालाही ताप आला तरी ते नाझरेथ डॉक्टरांकडेच जात. मार्चमध्ये तो आठवडाभर घरी होता. व्हायरल झालंय, असं सांगितलं होतं.

"नाही," रुडॉल्फ म्हणाला. "असा कुणी नाही."

श्रुतिकाने त्याच्याकडे जरा वेळ बघितलं.

"आमच्याकडे नाव शोधलं तर अंधेरीतच या नावाचे चार-पाच ड्रायव्हर निघतील," ती म्हणाली. "पण अंदाजाने मी ही नोंद कुणाला चिकटवू शकत नाही. तुम्हाला अशीच तर चिकटलीय. मी आरोग्यवहीच्या लोकांशीही बोलले. ते म्हणतात नोंद खरी आहे, डॉक्टरांनी केलीय, ती पुसायची नाही. ती ज्याची आहे त्या माणसाने त्याच्या फोनवरून सांगायचं की ही माझी आहे. मग ती त्याच्याकडे जाईल आणि तुमच्याकडून सुटेल. दुसरा रस्ता नाही."

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. अँजेलिना चकाल्याला एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर होती. तिने नोंद एकदाच वाचली.

"धाकट्याची आहे," ती म्हणाली.

"हो."

"आणि तू त्या मुलीला सांगितलंस की असा कुणी नाही."

"त्याची गाडी जाईल, अँजी."

"तुझी गेलीच आहे." ती उठून आत गेली. मग दारातून म्हणाली, "आणि तो मुलांची गाडी चालवतोय. त्याचं काय?"

धाकट्याबरोबर तो एका बाकावर शिकला होता. शाळेत हजेरीला मास्तर 'रुडॉल्फ परेरा' म्हणत आणि दोघं एकदम 'हजर' म्हणत. पुढे लायसनही दोघांनी एकाच दिवशी काढलं. त्याच्याविरुद्ध तोंड उघडायचं म्हणजे कुठून सुरुवात करायची, तेच त्याला कळेना.

मग त्याने दुसरीकडे काम शोधायचं ठरवलं. कांदिवलीला एका बसवाल्याकडे गेला. तिथल्या माणसाने नाव टाइप केलं, स्क्रीन बघितली आणि म्हणाला, "कळवतो." मुलुंडला एक औषधांचं गोदाम होतं, त्यांना व्हॅनवर माणूस हवा होता. तिथल्या बाईने खुर्ची दिली, पाणी दिलं, नाव टाइप केलं आणि मग पाणी संपेपर्यंत ती त्याच्याकडे काळजीने बघत राहिली, जणू तो आत्ताच खाली पडेल. घाटकोपरला एकाने स्पष्ट सांगितलं, "भाऊ, तुम्ही कुठेही गेलात तरी हेच दिसणार. सगळे तिथूनच घेतात." रुडॉल्फने पिशवीतून डॉक्टरांचा कागद काढला. त्या माणसाने तो हातातही घेतला नाही. "कागद आम्ही नाही बघत. स्क्रीनवर येऊ दे."

डेपोत श्यामकांतने त्याला गाड्या धुण्याच्या कामावर घेतलं. तो पाइप धरून आपलीच बस धुवायचा आणि दुसरा माणूस ती घेऊन जायचा. रोज सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी तो ॲप उघडायचा. कधीकधी श्रुतिका तिच्या बाजूने काही करून बघायची, मग पट्टी हिरवी व्हायची आणि दोन-तीन तासांनी पुन्हा लाल. पुढे पुढे हिरवी झालेली त्याला बघवेनाशी झाली, आणि लाल झाली की सुटल्यासारखं वाटायचं. एका दुपारी घरी भांड्यांच्या रॅकसमोर उभं असताना त्याचा डावा हात जरा थरथरला, तर तो अर्धा तास खुर्चीत बसून हाताकडे बघत राहिला. आपल्याला खरंच काही झालं नसेल ना, असं त्याला वाटायला लागलं होतं. डॉक्टरांचा आलेख चुकला असेल. एवढे सगळे कम्प्युटर सांगतायत.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी चर्चमधली मिसा झाल्यावर तो धाकट्याला गाठायला गेला. धाकटा आपली पिवळी बस आरेच्या बाजूला, मरोळ मरोशी रोडवर झाडाखाली लावायचा आणि रविवारी ती पुसायचा. रुडॉल्फ आत चढून पहिल्या सीटवर बसला.

"अकरा मार्चला तू नाझरेथकडे गेला होतास," तो म्हणाला.

धाकट्याच्या हातातलं फडकं थांबलं. त्याने नाही म्हटलं नाही. बराच वेळ तो काचेवरचा एकच डाग पुसत राहिला.

"तुला कुणी सांगितलं?"

"माझ्या फोनवर आलंय. तुझी फिट माझ्या नावावर लागलीय. महिना होत आला, मी गाड्या धुतोय. ती तुझी आहे असं तू तुझ्या फोनवरून सांगितलंस तरच सुटेल."

"मला वाटलं तुझं डेपोत काही वाजलं असेल." धाकटा खाली बसला. "दोनदाच आली रे. एकदा बाथरूममध्ये, एकदा झोपेत. नादियाने बघितली. गोळी चालू केल्यापासून एकदाही नाही. एकदाही नाही, आईशपथ. माझं कार्ड हिरवं आहे अजून. मला वाटलं, डॉक्टरांनी लिहिलंच नाही. वाचलो असं वाटलं."

"ते लिहिलंय. मला लिहिलंय."

"एप्रिलपर्यंत थांब," धाकटा म्हणाला. "शाळा संपू दे. मग मी स्वतःच सोडतो. एवढे पाच महिने."

"आणि मी?"

धाकट्याने फडक्याची घडी घातली. रुडॉल्फला एकदम राग आला. त्याला ओरडावंसं वाटलं, पण समोर बसलेल्या माणसाचा चेहरा आजोबांसारखा होता, त्याच्या स्वतःसारखाही होता, आणि ओरडणं जमलं नाही.

"मला एक-दोन दिवस तुझ्याबरोबर बसमध्ये बसू दे," तो शेवटी म्हणाला.

"कशाला?"

"बघायचंय मला. तू ठीक असलास तर एप्रिलचा विचार करतो."

सोमवारी आणि मंगळवारी सकाळी तो डेपोत उशिरा जाणार असं सांगून धाकट्याच्या बसमध्ये बसला. मुलांना चढवायला-उतरवायला मालन नावाची बाई असायची, पन्नाशीची, आवाजाने खणखणीत. धाकट्याने तिला सांगितलं की हा माझा भाऊ, रस्ता शिकायला आलाय. दोन्ही दिवस धाकटा उत्तम चालवत होता. खड्डा आला की हळू, मुलं चढताना हँडब्रेक. रुडॉल्फच्या मनात आलं, खरंच गोळीने बरं झालं असेल. एप्रिल काही फार लांब नाही.

बुधवारी बस भरलेली होती. एका सिग्नलला धाकट्याने गाडी थांबवली. दिवा लाल होता, मग हिरवा झाला. बस हलली नाही. रुडॉल्फने आरशात बघितलं. धाकट्याचे डोळे उघडे होते, हात स्टिअरिंगवर होते, आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ओठ किंचित हलत होते, जणू काही चघळतोय. मागे हॉर्न वाजायला लागले. रुडॉल्फ उठायच्या आत मालनने मागच्या दांड्यावर हाताने दोन थापा मारल्या.

"रुडीभाऊ, झाला हिरवा."

आणखी तीन-चार सेकंद गेले. मग धाकट्याने गिअर टाकला आणि बस निघाली. मुलांचं गाणं चाललं होतं, ते थांबलंसुद्धा नाही. मालन आपल्या जागी बसून एका मुलीच्या वेणीला रिबन बांधत होती.

"असं होतं का नेहमी?" रुडॉल्फने तिला हळूच विचारलं.

"कधीमधी. विचारात असतात ते. मी थाप मारते." तिने रिबनची गाठ आवळली. "आठवड्यातून एखाद वेळा."

मुलं शाळेत उतरल्यावर, मालनही खाली गेल्यावर, रुडॉल्फ पुढे जाऊन धाकट्याच्या बाजूला उभा राहिला.

"मघाशी सिग्नलला काय झालं?"

"कुठल्या सिग्नलला?"

"पेट्रोल पंपाच्या अलीकडच्या. दिवा हिरवा झाला तरी तू थांबून होतास."

"नाही रे. लाल होता."

"अकरा सेकंद, रुडी. मी मोजले. मागे हॉर्न वाजत होते. त्या बाईने थाप मारली."

"मला हॉर्न ऐकू आला नाही," धाकटा म्हणाला. तो रुडॉल्फकडे बघत होता, थट्टा करतोय का ते शोधत. मग त्याने मान वळवून मागच्या दांड्याकडे बघितलं. "मालनबाई अधूनमधून ती थाप मारते. मला वाटायचं तिला सवय आहे."

शाळेच्या मैदानावर प्रार्थना सुरू झाली. धाकट्याने चावी काढली आणि ती मुठीत धरून बसला.

"चालत्या गाडीत झालं असेल का?" त्याने विचारलं.

"मला माहीत नाही."

"मलाही माहीत नाही. तेच तर. मला माहीतच नाही." त्याने फोन काढला. "काय करायचं असतं फोनवर? दाखव."

रुडॉल्फने श्रुतिकाला फोन लावला आणि पहिलं वाक्य हेच बोलला की मी तुमच्याशी खोटं बोललो होतो, दुसरा आहे, माझा चुलतभाऊ आहे. ती एवढंच म्हणाली, "मला वाटलं होतं." मग तिने धाकट्याला एकेक पायरी सांगितली. आरोग्यवही उघडायची. 'माझ्या नोंदी हरवल्या आहेत' यावर जायचं. दवाखाना आणि तारीख टाकायची. शेवटी स्क्रीनवर आलं, 'ही नोंद माझी आहे.' धाकट्याने अंगठा वर धरला आणि विचारलं, "हे दाबलं की परत नाही ना येता येत?"

"नाही," रुडॉल्फ म्हणाला.

त्याने दाबलं. काही झालं नाही, नुसतं 'विनंती नोंदवली' असं आलं. धाकट्याने शाळेच्या ऑफिसात जाऊन चावी दिली आणि तब्येत बरी नाही असं सांगितलं. दुपारी मुलांना घरी सोडायला दुसरा ड्रायव्हर बोलवावा लागला. दोघं भाऊ मरोळपर्यंत चालत आले. वाटेत धाकटा एकदाच बोलला.

"तू आला नसतास तर मला कळलंच नसतं," तो म्हणाला. पण त्यात आभार नव्हते, आणि रुडॉल्फला ते समजलं.

धाकट्याचं कार्ड त्याच संध्याकाळी लाल झालं. रुडॉल्फचं मात्र हिरवं झालं नाही. श्रुतिका रोज फोन करून सांगायची. नोंद हलली होती, पण तिची जुनी प्रत चाकपासकडे होती आणि ती दर सहा तासांनी परत जात होती. दोन्ही कंपन्यांनी एकाच वेळी वाट बंद करायची, दोघांनी आपापली प्रत काढायची आणि मग वाट उघडायची, एवढंच काम होतं. पण त्याला दोन्हीकडच्या मोठ्या लोकांची लेखी परवानगी लागत होती. आरोग्यवहीचा माणूस सुट्टीवर होता, तो आल्यावर चाकपासचा वकील म्हणाला की आधी मला वाचू दे. नऊ दिवस रुडॉल्फ गाड्या धुत राहिला. आता नोंद त्याची नाही हे सगळ्यांना माहीत होतं आणि तरीही पट्टी लालच होती. दहाव्या दिवशी दुपारी वाट पंचवीस मिनिटं बंद ठेवली. संध्याकाळी पट्टी हिरवी झाली. तो रात्रीचे सहा तास आणि सकाळचे सहा तास जाऊ देईपर्यंत श्यामकांतकडे गेलाच नाही. ती हिरवीच राहिली.

श्रुतिकाने तो नियम बदलून घेतला. आता वडिलांचं नाव आणि पूर्ण जन्मतारीख जुळल्याशिवाय आरोग्यवहीची नोंद चाकपास उचलत नाही आणि शंका असली तर माणूस तपासतो. हे तिने त्याला बसमध्ये, पुढच्या सीटवर बसून सांगितलं. सांगताना ती त्याच्याकडे बघत नव्हती.

नादिया त्याच्याशी आणि अँजेलिनाशी बोलायची बंद झाली. नाताळला दोन्ही घरांतून ताटं गेली-आली, पण मुलांच्या हातून. धाकटा मात्र त्याच्याबरोबर मेंदूच्या डॉक्टरांकडे आला. डॉक्टरांनी गोळी बदलली आणि सांगितलं की आधी हे थांबायला हवं, त्यानंतर निदान एक वर्ष काही झालं नाही तर बघू, आणि तेही शाळेची गाडी नाही. धाकट्याला चर्चच्या हॉलची देखभाल करायचं काम मिळालं. खुर्च्या लावायच्या, पंखे बंद करायचे. "बसून राहायचं काम आहे," तो म्हणायचा. थोरल्या भावाची बस गल्लीच्या तोंडावरून जायची त्या वेळेला तो बहुतेक आतच असायचा.

जानेवारीत एका सकाळी रुडॉल्फ मेट्रो स्टेशनपाशी माणसं भरत असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. घरच्या आरोग्यविम्याच्या कंपनीतली मुलगी बोलत होती.

"सर, तुमची शेवटची फिट कधी आली होती? फॉर्ममध्ये ती तारीख रिकामी आहे."

"मला फिट येत नाही. ती नोंद चुकून आली होती. आता दुरुस्त झालीय."

"सर, आमच्याकडे ती नोव्हेंबरमध्ये आलीय. दुरुस्तीचं काही आलं नाही."

त्याने त्याच दुपारी श्रुतिकाला विचारलं. ती यादी काढून बसमध्ये घेऊन आली. त्या दीड महिन्यात चाकपासकडून सात ठिकाणी त्याची माहिती गेली होती, कुठल्या ना कुठल्या जुन्या संमतीवर. सगळ्यांना दुरुस्ती पाठवली होती. चौघांनी मिळाली असं कळवलं होतं. तिघांचं उत्तर नव्हतं. त्यांनी ती पुढे कुणाला दिली असेल, ते तिला इथून दिसत नव्हतं.

"त्यांच्या क्लाउडमध्ये आम्ही हात घालू शकत नाही, अंकल," ती म्हणाली. "मी दर सोमवारी आठवण पाठवते."

रुडॉल्फने यादी घडी करून खिशात ठेवली. बस भरली होती. त्याने विमावालीचा नंबर लावला आणि फोन वाजत असताना, पहिल्यापासून कसं सांगायचं ते मनात जुळवायला लागला.